मुरलेलं तंत्रज्ञान

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला एका मित्राचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं घरात कुणाचं काही झालं. "अरे, स्टीम डेक घेऊ, रॉग ॲलाय घेऊ, की सरळ स्विच टू घेऊन टाकू?" ही तिन्ही हातात धरून खेळायची यंत्रं. बोनस झाला होता, बायकोने होकार दिला होता, आणि त्या होकाराची मुदत फार नसावी. त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला होता. रॅम, रिफ्रेश रेट, पडद्याची इंचं, प्रोसेसरचं नाव, डॉलरमधली किंमत, कुणी येणारा-जाणारा आणून देणार असेल तर त्याच्या सामानातली जागा. तक्ता त्याने तिथल्या तिथे पाठवला. त्यात वजनाचा रकाना नव्हता. बॅटरीचा होता, पण सगळ्यात शेवटी, लग्नपत्रिकेत 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असतं तसा.

उद्या सांगतो म्हणून फोन ठेवला आणि मग मीच तासभर जागा राहिलो. कारण हातात धरून खेळायच्या यंत्रांबद्दल माझी मतं आहेत. नको इतकी आहेत. आणि ती सगळी एका घड्याळापासून सुरू होतात.

आमचं गाव कराडच्या पुढे. नव्वदच्या दशकात आत्या मुंबईहून येताना ब्रिक गेम घेऊन आली. राखाडी प्लॅस्टिक, पिवळी बटणं, आणि वर छापलेलं '9999 in 1'. नऊ हजार नऊशे नव्याण्णव! मी आणि माझी बहीण अख्खी सुट्टी ते मोजत बसलो. प्रत्यक्षात खेळ होते दहा-बारा. वेग आणि पातळी बदलून तेच पुन्हा नव्या आकड्याखाली. ही फसवणूक कळली तेव्हा राग आला नाही. एवढे आकडे लिहिणाऱ्याचं कौतुकच वाटलं.

त्याला दोन पेन्सिल सेल लागत. ते संपले, की नवे आणायचे पैसे मागायची सोय नव्हती. मग सेल उन्हात ठेवून पाहायचे, दाताने चावून पाहायचे, आणि तरीही नाही भागलं तर एक सेल गजराच्या घड्याळातला आणि एक भिंतीवरच्या घड्याळातला. खेळून झालं की परत जागेवर. एकदा परत ठेवायला विसरलो. भिंतीवरचं घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबलं, आणि आबांची साताऱ्याची एसटी त्या दिवशी त्यांना न घेता गेली. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त ब्रिक गेम हातात घेतला, उलटापालटा केला, मागचं झाकण काढून सेल पाहिले आणि म्हणाले, "हे कमी खातंय. माझा रेडिओ जास्त खातो." एवढंच.

विजेवर चालणाऱ्या वस्तूचं यापेक्षा बरं परीक्षण मी नंतर कुठे वाचलेलं नाही.

ब्रिक गेममधला मुख्य खेळ, वरून पडणाऱ्या विटा रचायचा, म्हणजे टेट्रिस, हे मला कॉलेजात कळलं. दहा रकाने रुंद, वीस रकाने उंच. तेच ते मैदान. अलेक्सी पाजित्नोव्हने तो मॉस्कोत 1984च्या सुमारास लिहिला, तोही इलेक्ट्रोनिका 60 नावाच्या अशा संगणकावर, ज्याला चित्र काढताच येत नव्हतं. मग त्याने विटा कंसांच्या चिन्हांनी काढल्या. म्हणजे जगातला बहुधा सगळ्यात टिकाऊ व्हिडिओ गेम जन्माला आला तोच मुळी ग्राफिक्स नसलेल्या यंत्रावर. रात्री टेराफ्लॉप्सचे, म्हणजे यंत्राच्या ताकदीचे, तक्ते पाठवणाऱ्या मित्रांना हे सांगून उपयोग नसतो, म्हणून इथे सांगतो.

आता खरा माणूस. गुन्पेई योकोई. 1965 साली तो क्योटोतल्या एका पत्ते छापणाऱ्या कंपनीत यंत्रांची देखभाल करायला लागला. पत्ते म्हणजे हानाफुदा, फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते. कंपनीचं नाव निन्टेन्डो. कामात वेळ उरायचा म्हणून त्याने लांबून वस्तू पकडणारा कातरीसारखा घडीचा हात बनवला; मालक हिरोशी यामाउचींनी तो पाहिला आणि ओरडण्याऐवजी विकायला काढला. पुढे एकदा रेल्वेत त्याला समोरच्या सीटवर कंटाळलेला नोकरदार दिसला. तो माणूस खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगीच दाबत बसला होता. तेव्हा कॅल्क्युलेटरच्या कंपन्यांची आपापसात जुंपली होती आणि द्रव-स्फटिकाचे छोटे पडदे स्वस्त झाले होते. 1980 साली त्याच पडद्यांवर योकोईचा पहिला 'गेम अँड वॉच' आला. खेळही आणि घड्याळही. (आमच्याकडे एकाच्या जिवावर दुसरं चालायचं.)

योकोई आपल्या पद्धतीला जे म्हणायचा त्याचे शब्द आहेत 'कारेता गिजुत्सु नो सुइहेइ शिको'. इंग्रजीत त्याचं भाषांतर सगळीकडे 'वाळून गेलेलं तंत्रज्ञान' अशा अर्थाने झालंय, आणि आपल्याकडचे लोक तेच उचलतात. वाळलेलं म्हटलं की डोळ्यासमोर काटक्या येतात, टाकून द्यायची वस्तू येते. पण जपानी अभियंते 'कारेता' म्हणतात ते भरपूर वापरून झालेल्या, खोडी माहीत झालेल्या, भरवशाच्या तंत्रज्ञानाला. यासाठी मराठीत शब्द आहे, आणि तो इंग्रजीपेक्षा कितीतरी चांगला आहे: मुरलेलं. लोणचं मुरतं, गवई मुरतो, कारकून मुरतो. मुरलेल्या गोष्टीत नवलाई नसते. ती काय करेल आणि काय करणार नाही हे पक्कं माहीत असतं. योकोईचं म्हणणं एवढंच, की मुरलेली वस्तू घ्या आणि तिला तिच्या नेहमीच्या जागेवरून उचलून भलत्याच कामाला लावा. कॅल्क्युलेटरचा पडदा खेळायला लावा.

1989च्या एप्रिलमध्ये निन्टेन्डोचा हातात धरायचा गेम बॉय आला तोही याच बरणीतून. पडदा 160 गुणिले 144 ठिपक्यांचा, हिरवट, चार छटांचा, मागे दिवा नाही. वेगात काही सरकलं की मागे धूर सोडल्यासारखी सावली पडायची. किंमत साडेबारा हजार येन. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला: रंगीत, उजेड असलेला, कागदावर गेम बॉयला लाजवणारा. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर, तोही रंगीत. गेम बॉय चार पेन्सिल सेलांवर पंधराएक तास चालायचा. बाकी दोघांना सहा-सहा सेल लागत आणि चार-पाच तासांत ते मान टाकत. आबांच्या भाषेत, ते जास्त खात होते. गेम बॉय आणि त्याचा नंतरचा रंगीत भाऊ मिळून 11 कोटी 86 लाखांहून जास्त विकले गेले. गेम गिअर कोटीच्या आसपास थांबला, आणि लिंक्सचं नाव आता फक्त माझ्यासारखी माणसं घेतात.

अर्थात नुसत्या सेलांनी हे झालं नाही. हेंक रॉजर्स नावाच्या गृहस्थाने निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या प्रमुखाच्या गळी उतरवलं, की गेम बॉयच्या डब्यात तुमचा नेहमीचा मारिओचा खेळ नको, टेट्रिस द्या. मारिओ दिलात तर मुलं घेतील, टेट्रिस दिलात तर सगळे घेतील. हा हिशोब बरोबर निघाला. आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात होरपळलेला एक गेम बॉय न्यूयॉर्कच्या निन्टेन्डो दुकानात वर्षानुवर्षं काचेत ठेवला होता. प्लॅस्टिक वितळून वाकडं झालेलं, आणि पडद्यावर टेट्रिस चालू.

योकोईची आरती ओवाळतोय असं वाटू नये म्हणून हेही सांगायला हवं. 1995चं 'व्हर्च्युअल बॉय' त्याचंच. त्यातही सगळं मुरलेलंच होतं. लाल एलईडी वापरले, कारण ते स्वस्त आणि कमी वीज खाणारे. पण ते यंत्र ना हातात धरायचं ना डोक्याला बांधायचं. टेबलावर दोन पायांच्या स्टँडवर ठेवून त्यात डोळे खुपसायचे आणि लालभडक रेघा पाहत मान अवघडून घ्यायची. आठ लाखसुद्धा विकली गेली नाहीत. लोणचंही नासतं, बरणीला पाणी लागलं की. पुढच्या वर्षी योकोईने कंपनी सोडली, आणि 1997 साली रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. शेवटचं मोठं काम म्हणजे बान्दाई या खेळण्यांच्या कंपनीसाठी केलेलं वंडरस्वान, हेही हातात धरायचं यंत्र. ते त्याच्या मागे, 1999 साली बाजारात आलं. त्याला सेल किती लागायचे? एक. भिंतीवरच्या घड्याळाइतका.

मी स्वतः खरा गेम बॉय फार उशिरा पाहिला. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर एक मुलगा मस्कतहून आला होता, त्याच्याकडे गेम बॉय ॲडव्हान्स होता. यंत्र उत्तम आणि पडदा अंधारकोठडी. त्यालाही मागे दिवा नव्हता. आम्ही पाचजण ट्यूबलाइटच्या बरोबर खाली सतरंजी टाकून, मान एका विशिष्ट कोनात तिरपी करून आळीपाळीने खेळायचो. लांबून बघणाऱ्याला वाटावं कुणाची तरी कुंडली वाचताहेत. म्हणजे मुरवण्यालाही मर्यादा असते; 2001 साली दिवा न देणं याला मी साधेपणा म्हणणार नाही, कंजूषपणा म्हणेन. दोन वर्षांनी त्यांनीच घडीचं, दिवा असलेलं, चार्ज होणारं मॉडेल काढलं, तेव्हा चूक कळली असावी.

पहिल्या नोकरीच्या पगारातून मी बुधवार पेठेतल्या एका दुकानातून सोनीचा जुना पीएसपी घेतला. आजही मला वाटतं की हातात धरायच्या यंत्रांत त्याच्याइतकं देखणं काही झालेलं नाही. रुंद, काळंभोर, काचेसारखं. त्यात छोटी तबकडी फिरायची, आणि कानाजवळ धरलं तर ती फिरताना घरघर ऐकू यायची, मांजर मांडीवर घेतल्यासारखी. आता विचार केला की नवल वाटतं: खिशात ठेवायच्या, बॅटरीवर चालायच्या वस्तूत फिरणारी तबकडी घालायची कल्पना कुणाला तरी सुचली आणि दहा जणांनी माना डोलावल्या. तबकडी फिरवायला वीज, वाचायला वेळ. त्याच सुमारास आलेला निन्टेन्डो डीएस दिसायला औषधांच्या डबीसारखा होता, ताकदीने निम्मासुद्धा नव्हता, आणि विकला गेला पीएसपीच्या जवळजवळ दुप्पट.

पण डीएसची एक गोष्ट मला त्याच्या दोन पडद्यांपेक्षा मोठी वाटते. झाकण मिटलं की तो झोपायचा, उघडलं की त्याच उडीच्या मध्यात जागा व्हायचा. या झोपेबद्दल लोक फार कमी बोलतात, जाहिरातीत तर तिचं नावही नसतं. ज्याने दादरला उतरायचं म्हणून माटुंग्यापासून दारात उभं राहून काही खेळलं आहे, त्याला तिची किंमत विचारा. स्टेशन आलं, बटण दाबलं, खिशात टाकलं. खेळ जिथल्या तिथे. मोठ्या माणसाच्या आयुष्यात सलग दोन तास मिळत नाहीत, बारा-पंधरा मिनिटांचे तुकडे मिळतात. जे यंत्र तुकडा स्वीकारतं तेच वापरलं जातं. विंडोजवर चालणाऱ्या हँडहेल्डबद्दल, म्हणजे हातातल्या यंत्रांबद्दल, माझं मुख्य भांडण इथेच आहे. माझ्याकडे असं एक काही महिने होतं. ते झोपायचं, पण कच्ची झोप. बॅगेतच मध्येच जागं होऊन, पंखा फिरवून, गरम होऊन, बाहेर काढेपर्यंत निम्मं रिकामं. घरात असा एखादा म्हातारा असतो, तो रात्री दोनला उठून स्वयंपाकघरात भांडी वाजवतो. म्हाताऱ्याचं समजू शकतो.

स्टीम डेक मी अमेरिकेहून येणाऱ्या मावसभावाकडून मागवला. इकडे तो कंपनीमार्फत विकत मिळत नाही. त्याचा 2022चा पहिला अवतार माझ्याकडे आहे आणि मी तो रोज वापरतो, म्हणून त्याच्यावर थोडं जास्त. त्याचा पडदा सात इंची, 1280 गुणिले 800. पुढच्या वर्षी आलेल्या रॉग ॲलायचा पडदाही सात इंचीच, पण 1920 गुणिले 1080, म्हणजे तेवढ्याच जागेत दुपटीहून किंचित जास्त ठिपके. आणि दोघांच्याही पहिल्या मॉडेलात बॅटरी अगदी सारखीच, 40 वॅट-तासांची. इथे तक्ता बंद करून साधा भागाकार करावा. यंत्राने एकंदर वीस वॅट ओढले तर दोन तास. दहा ओढले तर चार. याच्या पलीकडे कुठल्याही जाहिरातीला जाता येत नाही. चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. म्हणून शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. मोटारसायकल शंभरवर नेली की पेट्रोल कसं जातं, तसंच.

त्यामुळे मी डेकवर पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकलो: त्याला कमी काम द्यायचं. पडदा चाळीस हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला चाळीसदा ताजा होईल असा, आणायचा आणि खेळ सेकंदाला चाळीस चित्रांवर बांधायचा. चाळीस हा आकडा ऐकायला साठपेक्षा तीसच्या जवळचा वाटतो, पण प्रत्येक चित्राला लागणारा वेळ पाहिला तर तीसला 33.3 मिलिसेकंद, साठला 16.7 आणि चाळीसला 25. बरोबर मधोमध. हाताला जवळपास साठचं सुख मिळतं आणि बॅटरीला तीसच्या आसपासचं बिल. हे कळल्यावर मला झालेला आनंद मी बायकोला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग साठचा पडदा घेतलाच कशाला?" याचं उत्तर अजून सापडायचंय.

महिन्यातून दोनदा कामासाठी मुंबईला जातो, बहुतेक डेक्कन क्वीनने. लोणावळ्यानंतर बोरघाट सुरू झाला की बोगद्यांमागून बोगदे येतात आणि मोबाइलचं नेटवर्क पार गळतं. त्याच वेळी समजतं की आपल्या बॅगेतले कुठले खेळ खरोखर आपले आहेत. एकदा एक खेळ, एकट्याने खेळायचा, ज्यात दुसरं माणूसच नाही असा, उघडताना म्हणाला की इंटरनेट जोडा, ओळख पटवायची आहे. मी पैसे दिलेले, यंत्र माझं, बोगदा सरकारचा. आणि ओळख कुणाची पटायची राहिलीय? ब्रिक गेमने कधी नाव विचारलं नाही. आता निन्टेन्डोच्या स्विच टूसाठी खेळांची जी काही कार्डं विकतात त्यांतल्या काहींत खेळच नसतो, नुसती किल्ली असते. कार्ड घालायचं आणि मग खेळ डाउनलोड करायचा. नारळ फोडावा आणि आतून पावती निघावी तसं. (मूळ स्विचच्या कार्डांना निदान कडू लेप असतो, लहान मुलांनी गिळू नये म्हणून. मी चाटून पाहिलंय. कारल्यापेक्षा कडू.)

मूळ स्विच मात्र योकोईला आवडला असता असं मला वाटतं. 2017च्या मार्चमध्ये आला तेव्हा त्यातली टेग्रा एक्स-वन चिप दोन वर्षं जुनी होती आणि टीव्हीला जोडायच्या एका डब्यात आधीच मुरली होती. तज्ज्ञांनी नाकं मुरडली. पुढे पंधरा कोटींहून जास्त स्विच विकले गेले.

उलट दिशेचं एक यंत्रही मला मनापासून आवडतं, तिथे माझं सगळं तत्त्वज्ञान जरा डळमळतं. जुने गेम बॉयचे खेळ चालवणाऱ्या 'ॲनालॉग पॉकेट'चा पडदा 1600 गुणिले 1440 आहे. साडेतीन इंचांत एवढे ठिपके म्हणजे निव्वळ उधळपट्टी. पण गेम बॉयचे आकडे आठवा: 160 गुणिले 144. बरोबर दहापट. म्हणजे जुना एकेक ठिपका इथे दहा बाय दहाच्या चौकोनात काढला जातो, आणि मग त्यात त्या जुन्या काचेची जाळी, हिरवटपणा, सगळं जसंच्या तसं उमटवता येतं. अत्याधुनिक पडदा वापरून एक वाईट पडदा काळजीपूर्वक उभा केलाय. याला काय म्हणावं? मुरांब्यासाठी चांदीची बरणी. मी घेतलेला नाही, पण कुणी दिला तर नाही म्हणणार नाही.

आणि 'प्लेडेट'. 2022 साली आलेलं पिवळं, चौकोनी, तळहातात मावणारं. पडदा फक्त काळा आणि पांढरा, मागे दिवा नाही, आणि बाजूला चक्क फिरवायचा दांडा, हातमशीनला असतो तसा. मला वाटायचं हा पुणेरी विक्षिप्तपणा जपानपेक्षाही पुढचा आहे. बनवणारे मात्र अमेरिकेतले निघाले. पडदा शार्पचा. 'गेम अँड वॉच'चे पडदेही शार्पचेच होते.

भाच्याला गेल्या सुट्टीत मी एक चिनी हँडहेल्ड दिलं, जुन्या यंत्रांचे खेळ चालवणारं, चार-पाच हजारांचं. तो अकरा वर्षांचा आहे आणि फोनवर बीजीएमआय खेळतो. त्यात त्याचे अंगठे असे चालतात की मला गुऱ्हाळातला चरक आठवतो. त्याने यंत्र घेतलं आणि पहिल्यांदा काय केलं तर पडद्यावर बोट लावलं. काही झालं नाही. पुन्हा लावलं. "मामा, बिघडलंय." मी बटणं दाखवली. ती बाणांची फुली, ती योकोईने 1982 साली एका 'गेम अँड वॉच'वर पहिल्यांदा बसवली आणि आजतागायत जवळजवळ प्रत्येक कंट्रोलरवर आहे, वगैरे. तो "हं" म्हणाला. दहा मिनिटं टेट्रिस खेळला, बराच चांगला खेळला, आणि फोनकडे परत गेला. जाताना म्हणाला, "ह्यात मित्र नाहीत." यावर मला काही सुचलं नाही. त्याचं खरं आहे. माझ्या ब्रिक गेममध्येही मित्र नव्हते, पण ते शेजारी बसून "आता मला दे, आता मला दे" करायचे.

दुसऱ्या दिवशी मित्राला फोन केला. तो तक्ता उघडूनच बसला होता, त्यात रात्रीतून दोन रकाने वाढले होते.

"तक्ता राहू दे," मी म्हटलं. "तू खेळणार कुठे, ते सांग."

"कुठे म्हणजे? घरी."

"घरी कुठे?"

"पोरं झोपल्यावर... बेडवर. पडून."

माझ्या स्टीम डेकचं वजन 669 ग्रॅम. साखरेचा अर्ध्या किलोचा पुडा आणि वर तिसऱ्या भागाइतका आणखी. ते दोन्ही हातांनी चेहऱ्याच्या वर धरून माणूस डुलकी घेऊ लागला तर काय होतं, हे माझ्या नाकाला ठाऊक आहे.

"उताणा, की कुशीवर?" मी विचारलं.